चौथे नाव

नेवाशात बाहेरगावचे कोणी आले की आम्ही त्यांना आधी पैस खांबाकडे नेतो. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी या खांबाला टेकून गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, ही परंपरा गावातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. नंतर मोहिनीराजाचे दर्शन होते आणि पाहुणे परततात. प्रवरेच्या काठच्या लाडमोडच्या टेकाडाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. तिथे पाहण्यासारखे आहे काय, असेही विचारतात. डोळ्यांना दिसेल असे आता थोडेच उरले आहे. जे होते ते सत्तर वर्षांपूर्वी पुण्याला गेले.

डेक्कन कॉलेजच्या वतीने प्रा. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले. पुढे १९५९ ते १९६१ मध्ये कामाचा दुसरा टप्पा झाला. प्रवरेच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे मिळाली. मधल्या अश्मयुगातल्या एका हत्यारपरंपरेला तर आमच्या गावाचेच नाव मिळाले. टेकाडात मराठा आणि मुसलमानी अमदानीपासून सातवाहनकाळापर्यंत, आणि त्याही खाली ताम्रपाषाणयुगापर्यंत वस्तीचे थर होते. सर्वांत खालचे घर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे. त्या घरांच्या जमिनीखाली मडकी सापडली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि त्यांत लहान मुलांची हाडे. मूल दगावले की त्याला दूर न नेता घरातच पुरायचे, अशी त्या लोकांची रीत होती. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांत अडकून राहिलेल्या धाग्याच्या तपासणीत रेशीम आणि कापूस यांचे अंश आढळले. कोणा आईने ती माळ ओवली असेल, असे मी वर्गात सांगत असे, आणि दंगा करणारी मुलेही तेवढा वेळ गप्प बसत.

पहिल्या टप्प्याचा अहवाल १९६० साली पुण्यात प्रसिद्ध झाला. इतिहासाकडून प्रागैतिहासाकडे, अशा अर्थाचे त्याचे इंग्रजी नाव आहे. निवृत्तीनंतर मी तो पहिल्यांदा नीट वाचायला घेतला. लेखक म्हणून चार नावे आहेत. सांकळिया, शां. भा. देव आणि झेड. डी. अन्सारी ही तीन ओळखीची. चौथे नाव सोफी एरहार्ट. मानवी सांगाड्यांचा अभ्यास ही त्यांची बाजू. जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठातल्या बाई. आपल्या गावाच्या मुलांची हाडे त्यांनी किती निगुतीने तपासली असतील, असे कौतुक मनात घेऊन मी पुस्तक मिटले.

पुढे काही वर्षांनी दुसऱ्या महायुद्धातल्या सिंती आणि रोमा लोकांच्या हत्याकांडाबद्दल वाचत असताना तेच नाव पुन्हा समोर आले. आधी वाटले, नामसाधर्म्य असेल. नव्हते.

एरहार्ट यांचा जन्म १९०२ चा. म्युनिकला प्राणिशास्त्राचा अभ्यास, मग मानवशास्त्र. १९३५ च्या सुमारास त्या बर्लिनमध्ये हान्स ग्युंटर या नाझी वंशसिद्धांतकाराच्या हाताखाली काम करू लागल्या. १९३८ पासून त्या रॉबर्ट रिटर याच्या कार्यालयात होत्या. रिटर मुळात डॉक्टर आणि ट्युबिंगनच्याच मनोरुग्णालयातून वर आलेला. बर्लिनमधल्या त्याच्या ‘वंशआरोग्य संशोधन केंद्रा’चे काम म्हणजे जर्मनीतल्या सिंती आणि रोमा माणसांची मोजदाद. हे लोक फिरस्ते. त्यांचे पूर्वज अनेक शतकांपूर्वी आपल्याच भूमीतून पश्चिमेकडे गेले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झाले आहे. केंद्राची माणसे त्यांच्या पालांवर जात, वंशावळी लिहून घेत, डोकी मोजत, बोटांचे ठसे घेत, डोळ्यांचा रंग नोंदवत. पूर्व प्रशियातल्या अशा लोकांवर एरहार्ट यांचा लेख १९४२ मध्ये छापून आला. केंद्राने सुमारे २४ हजार माणसांविषयी लेखी अभिप्राय दिले: हा शुद्ध, हा मिश्र, हा अमुक अंशाने मिश्र. १६ डिसेंबर १९४२ रोजी हिमलरने या लोकांना आउशविट्झला पाठवण्याचा हुकूम काढला, तेव्हा कोणाला गाडीत चढवायचे हे ठरवायला हेच कागद पोलिसांच्या हाती होते. आउशविट्झच्या त्या वेगळ्या विभागात सुमारे २३ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक परत आली नाहीत.

नेवाशाच्या मडक्यांतली हाडे हाती घेण्यापूर्वी या बाईंनी जिवंत मुलांच्या पालांवर काम करणाऱ्या कार्यालयात नोकरी केली होती. हे कळल्यावर अहवालातली मापे मला पूर्वीसारखी वाचता येईनात. आकडे तेच होते.

*

भाची स्टुटगार्टला नोकरीला आहे. तिच्याकडे गेले तेव्हा ट्युबिंगनला जायचे मी आधीच ठरवले होते. “मावशी, सगळे इथे येऊन राजवाडे बघतात आणि तू पुन्हा हाडांच्याच मागे,” असे ती म्हणाली. पण सुट्टी काढून बरोबर आली. स्टुटगार्टहून आगगाडीने तासाभराचे अंतर आहे.

गाव देखणे आहे. नेकार नदीच्या काठाला लागून उतरत्या छपरांची, लाकडी चौकटीत बांधलेली घरे. विद्यापीठ १४७७ चे. नदीवरच पिवळा बुरूज आहे. मन ढळलेला कवी होल्डरलीन त्यात एका सुताराच्या कुटुंबाच्या आधाराने १८०७ पासून १८४३ पर्यंत, म्हणजे तब्बल छत्तीस वर्षे राहिला. सुताराने कवीला सांभाळले, ही गोष्ट या गावात अभिमानाने सांगितली जाते. आपल्याला जवळचा वाटावा असा आणखी एक धागा आहे. याच विद्यापीठात रुडॉल्फ रोट संस्कृत शिकवत होते. बोटलिंक यांच्यासह त्यांनी केलेला, सेंट पीटर्सबर्गला छापलेला संस्कृत-जर्मन महाकोश आजही आपल्याकडच्या संस्कृत ग्रंथालयांत असतो.

गावाच्या माथ्यावर होहेनट्युबिंगनचा किल्ला आहे. या एका वास्तूत किती इतिहास कोंबला आहे! १८६९ मध्ये फ्रिडरिश मीशर या तरुण डॉक्टरने इथल्या जुन्या मुदपाकखान्यातल्या प्रयोगशाळेत पेशीच्या केंद्रकातला एक पदार्थ वेगळा केला. आज आपण ज्याला डीएनए म्हणतो, त्याच्या शोधाची ती पहिली पायरी. १९३४ मध्ये त्याच किल्ल्यात विद्यापीठाची वंशशास्त्राची संस्था सुरू झाली. प्रमुख होते विल्हेल्म गीझेलर. १९४२ मध्ये सोफी एरहार्ट त्यांच्याकडे सहायक म्हणून आल्या. तिथेच हान्स फ्लाइशहाकर होता. त्याने लोत्झच्या वस्तीत कोंडलेल्या ज्यूंच्या तळहातांचे ठसे अभ्यासासाठी वापरले. त्या ३०९ माणसांच्या ठशांचे कागद पुढे विद्यापीठात सापडले आणि २०१५ मध्ये याच किल्ल्यात त्यांवर प्रदर्शन भरले.

फ्लाइशहाकर १९४३ च्या जूनमध्ये आउशविट्झलाही गेला होता. स्ट्रासबुर्गच्या शरीररचनाशास्त्राच्या संग्रहासाठी सांगाडे हवे होते, त्यासाठी माणसे निवडायची होती. निवडलेल्यांपैकी ८६ ज्यू स्त्री-पुरुषांना नात्सवायलरच्या छावणीत मारण्यात आले. युद्ध संपल्यावर त्यांची प्रेते सापडली, पण माणसे कोण हे माहीत नव्हते. काहींच्या हातावरचे क्रमांक तेवढे होते. ट्युबिंगनचे पत्रकार हान्स-योआखिम लांग यांनी वर्षानुवर्षे कागद धुंडाळून त्या ८६ जणांची नावे शोधली आणि २००४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ज्या गावातून मोजणारा गेला, त्याच गावातल्या एकाने क्रमांकांना पुन्हा नावे दिली. फ्लाइशहाकरवर पुढे फ्रँकफुर्टला खटला चालला. १९७१ मध्ये तो निर्दोष सुटला.

दुपारी गावच्या दफनभूमीत गेलो. होल्डरलीनची कबर तिथेच आहे, कवी उलांडचीही. त्यांच्यापासून काही पावलांवर ‘एक्स’ या अक्षराने ओळखला जाणारा भाग आहे. विद्यापीठाच्या शरीररचना विभागात विच्छेदनासाठी आलेली प्रेते काम झाल्यावर इथे पुरत. नाझी काळात त्यांत फाशी दिलेले कैदी होते, वेठबिगारीला आणलेले पोलिश होते, सोव्हिएत युद्धकैदी होते. त्यांच्या शरीरांपासून केलेले नमुने १९८० च्या दशकापर्यंत शिकवण्यासाठी वापरात होते. हे उघड झाल्यावर १९९० मध्ये त्यांचे विधिपूर्वक दफन झाले. आज तिथे नावे कोरलेले फलक आहेत. भाची एकेक नाव हळू आवाजात वाचत होती. तिची जर्मन चांगली आहे. तरी पोलिश आणि रशियन नावांशी ती अडखळत होती. पण एकही नाव तिने गाळले नाही.

*

दुसऱ्या दिवशी ग्राफेनेकला गेलो. ट्युबिंगनहून गाडीने तासाभराची वाट, डोंगराळ भागातून. वर एक लहानसा वाडा. वुर्टेम्बर्गच्या सरदारांनी सोळाव्या शतकात शिकारीसाठी बांधलेला. १९२९ पासून तिथे एका धर्मादाय संस्थेचे अपंगांसाठीचे घर होते. ऑक्टोबर १९३९ मध्ये सरकारने ते ताब्यात घेतले. १८ जानेवारी १९४० पासून त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत तिथे १०,६५४ माणसे विषारी वायूने मारली गेली. मतिमंद, फेफरे येणारी, मनोरुग्ण. बायका, पुरुष आणि मुले. दक्षिण जर्मनीतल्या इस्पितळांतून राखी रंगाच्या बसमधून त्यांना आणत. घरच्यांना खोट्या कारणाची चिठ्ठी जाई: न्यूमोनिया, अपेंडिक्स. ज्यू लोकांसाठी पुढे जी यंत्रणा उभी राहिली तिची रंगीत तालीम अशा सहा ठिकाणी झाली. ग्राफेनेक त्यांतले पहिले.

आज तिथे पुन्हा अपंगांचे घर आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे राहणारे दोन प्रौढ पुरुष हातात हात घालून वाटेने चालले होते आणि आम्हाला पाहून त्यांनी हसून हात हलवला. स्मारक म्हणजे मोठे शिल्प नाही. एक उघडी प्रार्थनास्थळाची जागा, नावांची वही आणि दगडी अक्षरांची बाग. वर्णमालेतल्या सव्वीस अक्षरांचे सव्वीस लहान दगड जमिनीत बसवले आहेत. सगळी नावे अजून हाती आलेली नाहीत. पण जे नाव सापडेल ते या अक्षरांतच असणार, अशी ती कल्पना.

ग्राफेनेकच्या आठ आरोपींवर १९४९ मध्ये खटला चालला तो ट्युबिंगनला, त्याच किल्ल्याच्या दरबारी दालनात. तिघांना शिक्षा झाली, पाच सुटले. आरोपीच्या पिंजऱ्यात डॉक्टर, परिचारक, कारकून, पोलीस होते. माणसांची प्रतवारी कशी करावी हे शिकवणारे विद्वान मात्र विद्यापीठात होते किंवा लवकरच तिथे परतणार होते.

एरहार्ट यांना १९५० च्या दशकात प्राध्यापकपद मिळाले. रिटरच्या केंद्रातले ठसे, मापे, वंशावळी यांपैकी बराच ऐवज युद्धानंतर त्यांच्याकडे आला आणि त्यांनी तो संशोधनासाठी वापरला. त्या काळी जर्मनीत यात कोणाला वावगे वाटत नव्हते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९५६ मध्ये असा निवाडा दिला होता की १९४३ पूर्वी सिंती-रोमांवर झालेली कारवाई वांशिक छळ नव्हे, पोलिसी बंदोबस्त होता. त्याच साली आमच्या टेकाडावरच्या खोदाईचा पहिला टप्पा पुरा झाला. १ सप्टेंबर १९८१ रोजी सिंती लोकांचा एक गट, त्यांत छावण्यांतून वाचलेली म्हातारी माणसे होती, ट्युबिंगन विद्यापीठाच्या अभिलेखागारात घुसला आणि आपल्या लोकांचे कागद परत मिळेपर्यंत हलणार नाही म्हणून बसला. त्याच दिवशी कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे पाठवण्यात आले. पुढल्या वर्षी, मार्च १९८२ मध्ये, जर्मन सरकारने या हत्याकांडाला वंशहत्या म्हणून मान्यता दिली. एरहार्ट यांची चौकशी झाली, पण खटला उभा राहिला नाही. १९९० मध्ये त्या वारल्या.

*

‘काळच तसा होता’ असे म्हणून हा विषय मिटवता येतो. परतीच्या विमानात मीही ते म्हणून पाहिले. पण डेक्कन कॉलेजच्याच इतिहासात त्याला उत्तर आहे. ते उत्तर म्हणजे इरावती कर्वे.

इरावतीबाई १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी कर्वे यांना ही कल्पना पसंत नव्हती. पती दिनकर मात्र ठाम पाठीशी होते. नुकत्याच स्थापन झालेल्या मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. युरोपीयांच्या मेंदूचा विवेकाशी निगडित भाग अधिक वाढलेला असतो, म्हणून त्यांच्या कवटीच्या दोन बाजूंत फरक जास्त दिसतो, असे फिशर यांचे गृहीत होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. बाजूंमधला फरक सगळ्याच मानवसमूहांत सापडतो, वंशाशी त्याचा संबंध नाही, असे त्यांना दिसले आणि त्यांनी तेच लिहिले. परक्या देशात, कर्जाऊ पैशावर शिकणारी पंचविशीतली बाई. समोर त्या शास्त्रातला सर्वांत वजनदार माणूस. फिशर यांनी जेमतेम उत्तीर्ण होण्यापुरती श्रेणी दिली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. हेच फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या संस्थेत पुढे आउशविट्झहून मेंगेलेने पाठवलेले रक्ताचे आणि डोळ्यांचे नमुने येऊ लागले.

काळ तोच, देश तोच, शास्त्र तेच, मोजपट्टीही तीच होती. एकीने आकड्यांना त्यांचे बोलू दिले. दुसरीने ज्या कार्यालयात आकडे गोळा केले तिथे उत्तर आधीच ठरलेले होते.

इरावतीबाई १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात आल्या. गुजरातमधल्या लांघणजच्या सांगाड्यांवर त्यांनी सांकळियांसह १९४९ मध्ये लेख लिहिला. आणि योगायोग असा की त्याच लांघणजच्या मानवी अवशेषांवरचा १९६५ चा ग्रंथ एरहार्ट आणि अमेरिकन मानवशास्त्रज्ञ केनेडी यांच्या नावावर आहे. नेवाशाची हाडे केनेडी आणि कैलाश मल्होत्रा यांनी पुन्हा तपासली. त्यांचे पुस्तक १९६६ चे. म्हणजे फिशर यांना न जुमानणारी विद्यार्थिनी आणि रिटरची सहायक, या दोघींची नावे पुण्याच्या एकाच संस्थेच्या ग्रंथसूचीत आहेत.

इरावतीबाईंना देव्हाऱ्यात बसवायचे नाही. त्यांनीही महाराष्ट्रातल्या जातीजातींची डोकी मोजली. दांडेकरांसह केलेला त्यांचा १९५१ चा ग्रंथ मापांनी भरलेला आहे. पण पालखीबरोबर पंढरीची वाट चालताना, एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे शिजवतात, वेगळे जेवतात, हे त्यांना सलले आणि त्यांनी ते लिहून ठेवले. मोजपट्टी खाली ठेवून माणसांत चालण्याची ही सवय मला त्यांच्या मापांहून मोलाची वाटते.

आणि जर्मनांकडे बोट दाखवताना आपल्या जिल्ह्याचेही आठवावे. गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी, भामटा अशा अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. त्यांची नावे नोंदवली, ठसे घेतले, रोजची हजेरी लावली, तारेच्या कुंपणाआड वसाहती केल्या. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. चोरी झाली की आधी पालावर जायची सवय गेलेली नाही. त्यांच्या बाबतीत इथे वायूच्या खोल्या झाल्या नाहीत, हा फरक फार मोठा आहे आणि तो पुसू नये. पण फिरस्त्या माणसाला नाव न विचारता आधी ठसा मागायचा, ही सुरुवात दोन्हीकडे सारखी आहे.

पुढे हाडांना विचारायचे प्रश्नच बदलले. इनामगावच्या सांगाड्यांचा अभ्यास करताना सुभाष वाळिंबे आणि त्यांचे सहकारी, ही माणसे कोणत्या वंशाची, यापेक्षा काय खात होती, दात का किडले, मुले कशाने गेली, हे विचारू लागले. ज्यांनी घराच्या जमिनीखाली आपले मूल ठेवले, त्या आईबापांनाही हेच प्रश्न पडले असतील.

नेवाशाचा अहवाल टाकून द्यावा असे माझे म्हणणे नाही. तो आमच्या गावाचा सर्वांत जुना दाखला आहे. सांकळिया, देव आणि अन्सारी यांचे कष्ट त्यात आहेत. चौथे नाव खोडावे असेही नाही. खोडलेल्या नावातून कोणी काही शिकत नाही. माझे मागणे एवढेच की ते पूर्ण वाचले जावे. टेकाडाजवळ कधी माहितीफलक लागला, गावात एखादी संग्रहालयाची खोली झाली, तर चारही संशोधकांची नावे असावीत, आणि चौथ्या नावापुढे १९३८ ते १९४५ या वर्षांचा हिशेबही असावा. पैस खांब पाहून परतणाऱ्या पाहुण्याने दहा मिनिटे थांबून तो वाचावा.

ग्राफेनेकहून निघताना भाचीने विचारले होते, “तुझ्या नेवाशाच्या मुलांची नावे कुठे लिहायची, मावशी?” ती कोणालाच कळणार नाहीत. त्यांच्यासाठी तांब्याच्या मण्यांची ती माळ आहे. त्यांना मोजणाऱ्यांची नावे मात्र आपल्याला ठाऊक आहेत.